चाळीस मिनिटांची सभा

गेल्या वर्षीच्या कायदा सप्ताहात वकीलबाईंनी भाडेकरूंच्या हक्कांवर व्याख्यान दिलं, तेव्हा भल्यामोठ्या सभागृहात नऊ माणसं आली आणि त्यातली सहा मधूनच सटकली. राग तसा बाईंच्या नाकावरच असायचा, पण यंदा त्यांनी डोकं चालवलं. नोंदणीच्या फॉर्मवर 'स्थळ' या रकान्यात त्यांनी ठसक्यात दुकानाचं नाव लिहिलं: 'वहिनीची लॉन्ड्री'.

खिडकीतल्या कारकूनबाईंनी चष्मा वर सरकवला. "अहो, लॉन्ड्रीत कोण ऐकणार तुमचं?"

"भाड्यानं राहणारेच तर येतात तिथे, आपले कपडे आपणच मशीनला लावायला. त्यांच्या खोल्यांत मशीन ठेवायला जागा कुठली?"

"आणि मधूनच उठून गेले म्हणजे?"

"जातील कुठे? मशीन चाळीस मिनिटं चालतं. ओले कपडे टाकून कुणी जातं का?"

कारकूनबाई खुदकन हसल्या. त्यांनी शिक्का मारला आणि पावती पुढे केली. वकीलबाई खुशीत वळल्या, तोच मागून खिडकीतून कारकूनबाईंचा दबका आवाज आला, "आमचा घरमालक न विचारता घरात घुसतो हो. दोन चादरी घेऊन आले तर चालेल?"