बंकटच्या खांद्यावरचे शाफ्ट

अर्जुनरावांची गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. घाटनांदूरच्या रस्त्यावर सुग्रीवचं गॅरेज, आणि समोरच्या माळावर दूध संघाची चारा छावणी. अर्जुनराव संघाचे चेअरमन. दुष्काळात छावणीत कुणाचं जनावर ठेवायचं आणि कुणाचं नाही, हे तेच ठरवत. सुग्रीवच्या बापाच्या, म्हाळूच्या, तीन म्हशी तिथं होत्या.

गाडी भारीतली, चारही चाकांना जोर देणारी. आदल्या दिवशी पाहुण्यांना नदीचं खोलीकरण दाखवायला अर्जुनरावांनी ती स्वतः कोरड्या पात्रात घातली. धोंड्यांत चाक अडकलं. त्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, तसाच जोर दिला, आणि पुढच्या उजव्या चाकाला फिरवणारा लोखंडी दांडा, शाफ्ट, सांध्यात मोडला. शेजारी त्यांचा ड्रायव्हर बंकट बसला होता. पन्नाशीचा, अबोल माणूस, अकरा वर्षं त्यांच्याकडं.

शाफ्टच्या सांध्यांना झाकणारे रबरी बूट फाटलेत, ग्रीस उडून चाललंय, हे सुग्रीवनं दोन महिन्यांपूर्वीच बंकटला सांगितलं होतं. बंकटनं ते चेअरमनच्या कानावर घातलं. "पावसाळ्यात बघू," ते म्हणाले होते.

सुग्रीवनं चाक काढलं, पहार लावून शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढला. सांध्यातल्या लोखंडी गोळ्यांचा चुरा झाला होता. अर्जुनराव खुर्ची टाकून बसले होते. छावणीतली पंधरावीस माणसं गोळा झाली.

"बंकट, ह्ये खांद्यावर घे," अर्जुनराव म्हणाले. "गाडी व्हईपर्यंत तिथं उन्हात उभा ऱ्हा. तू काय मोडलंस ते समद्यांना दिसू दे."

"साहेब, काल गाडी..."

"काल काय?"

बंकटच्या दोन गाई छावणीत होत्या. त्यानं शाफ्ट उचलून खांद्यावर घेतला. काळं ग्रीस पांढऱ्या सदऱ्यावर उतरलं.

"सुग्रीव, तू कारागीर हायस," अर्जुनराव म्हणाले. "सांग, ह्ये कशानं मोडतं?"

सुग्रीवनं हात पुसले. बंकट त्याच्याकडं बघत होता.

"चालवण्यानं मोडतं, साहेब."

"ऐकलंस का बे, बंकट?"

दोन-चार जण हसले.

"दुसऱ्या बाजूचा कसा हाय?" अर्जुनरावांनी विचारलं.

त्याचीही तीच गत होती. नवे दोन्ही शाफ्ट आणून ठेवले होते. "खराब हाय," सुग्रीव खाली बघून म्हणाला.

"काढ मग."

तोही शाफ्ट बंकटच्या डाव्या खांद्यावर गेला.

काम लवकर संपवावं म्हणून सुग्रीव घाई करू लागला. नवा शाफ्ट आत ठोकताना तो तिरका गेला, तेल अडवणारं ऑईल सील फाटलं आणि तेल गळू लागलं. नवं सील आणायला अंबाजोगाईला माणूस पाठवावा लागला. दोन तास गेले. बंकट दोन्ही शाफ्ट पेलत उन्हातच उभा होता. त्याची बायको साखराबाई तांब्या घेऊन आली.

"वहिनी, पाणी ऱ्हाऊ द्या," अर्जुनराव नरमाईनं म्हणाले. "काम व्हायचंय अजून."

ती तांब्या धरून तिथंच उभी राहिली. नवरा तिच्याकडं बघत नव्हता.

सील आलं. या वेळी सुग्रीवनं शाफ्ट हळूच सरळ धरून आत दाबला, तो टक्क करून बसला. चाकं चढली, नट आवळले. अर्जुनरावांनी माळावर गाडी गरगर वळवून पाहिली. कसला आवाज नव्हता. परत येऊन त्यांनी काच खाली केली.

"बंकट, ठेव आता खाली. उद्यापून येऊ नगंस. अन् गाई सोडून ने, तुझी जागा दुसऱ्याला दिलीय."

गाडी निघून गेली. माणसंही पांगली. बंकटला हात खाली घेता येईनात, साखराबाईनं एकेक शाफ्ट उतरवून घेतला. एक तिच्या पायावर पडला.

"बूट फाटल्यानं मोडलं, ह्ये तुला ठाव व्हतं ना?" बंकटनं सुग्रीवला विचारलं.

"व्हतं."

"मंग कावून न्हाई बोललास?"

सुग्रीव खाली वाकून पाने गोळा करू लागला. संध्याकाळी नवराबायको दोघं गाई हाकत धारूरच्या बाजूला गेली. साखराबाई लंगडत होती.

दुसऱ्या दिवशी म्हाळू हसत गॅरेजात आला. चेअरमननी त्याच्या म्हशींना दोन पेंढ्या जास्त टाकायला सांगितलं होतं.

"लई चांगला माणूस हाय," म्हातारा म्हणाला. सुग्रीव मान हलवून गाडीखाली सरकला.