कणगीची खोली

घरात थिएटर बसवायचं तर आधी भरपूर विचारायचं असतं, असं मी गेली नऊ वर्षं शहापूर-मुरबाडच्या लोकांना सांगत आलोय. माणसं किती बसणार, चष्मा कुणाकुणाला आहे, जेवून बघणार की जेवता जेवता, वीज दिवसातून किती वेळा जाते. वायर एकदा भिंतीत गेली की मग डोकं चालवून उपयोग नसतो. माझ्याकडे चार पानी छापील कागद आहे. मुंबईहून इकडे बंगले बांधायला आलेली माणसं तो कागद बघूनच निम्मी खूश होतात. मीही खूश असायचो. स्वतःवर खूश असायची मला सवयच लागली होती.

भाविकचं काम आलं तेव्हा म्हशाची जत्रा नुकतीच उठली होती. म्हशाच्या पुढे, सिद्धगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गाव. भाविक भिवंडीच्या एका गोदामात मॅनेजर. जुनं घर पाडून त्याने स्लॅबचं घर बांधलं होतं, पण मागची एक खोली तशीच ठेवली होती. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, एकच दार, खिडकी नाही. मी आत शिरलो आणि मागे दार लोटलं. बाहेर भाविकची बायको रविना मुलीवर ओरडत होती, ते एकदम बंद झालं. उजेड नाही, ओल नाही, आवाज नाही. असली खोली मिळावी म्हणून बंगलेवाले वर्षभर आर्किटेक्टच्या मागे फिरतात.

"भाविक, थिएटर इथेच," मी म्हणालो. "दुसरी जागा बघूच नका."

बाकी घराचीही यादी होती. दिवे फोनवरून लागायला हवेत, फाटकाला कॅमेरा हवा, विहिरीची मोटर भिवंडीत बसून चालू-बंद करता आली पाहिजे. पण भाविकचा जीव थिएटरमध्ये होता. लहानपणी तो दुसऱ्याच्या खिडकीला लोंबकळून टीव्ही बघायचा. "आयेला पयल्या रांगेत बसवनार," असं तो सारखं म्हणत होता.

खोलीत एक मोठी कणगी होती, बांबूची विणलेली, शेणमातीने लिंपलेली, माझ्या छातीएवढी उंच. भाविकची आई, हिराबाई, दारात उभी होती.

"हे हलवता येईल ना, काकी?" मी विचारलं.

"भातच हाय," ती म्हणाली. "हलवू की."

भाविक फोनवर बोलत बाहेर गेला, तशी ती आत आली आणि कणगीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "खायाचं भात नाय रे हे. बी हाय. आमचं कुसाळं."

मग तिने मला सगळं सांगितलं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, म्हणून हे लिहितोय. काळ्या लांब कुसांचं भात, कुसं टोचतात म्हणून रानडुक्कर त्याला तोंड लावत नाही. डोंगराकडेच्या तिच्या दोन तुकड्यांत दुसरं काही टिकतच नाही. सासूने तिला दिलं, सासूला तिच्या सासूने. या घरातल्या प्रत्येक बाळंतिणीने त्याचीच पेज खाल्लेली. गावातले बाकीचे आता पुडीचं बी आणतात, कुसाळं उरलं ते हिच्या कणगीत. "गेलं तर गेलं. दुकानात नाय मिळायचं," ती म्हणाली.

"काही काळजी करू नका," मी म्हणालो आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःहून दोन निळे प्लॅस्टिकचे ड्रम घेऊन आलो. रबर लावलेलं झाकण, वरून लोखंडी कडं आवळायचं. पाणी शिरणार नाही, उंदीर शिरणार नाही. खाली सगळीकडे सुताराचं सामान आणि रंगाचे डबे पसरले होते, म्हणून मी ते ड्रम माझ्या माणसांकडून गच्चीवर चढवले, पाण्याच्या टाकीवर पत्रा टाकलाय त्याच्याखाली.

"पत्रा तापंल रे," हिराबाई म्हणाली.

"काकी, एअरटाइट आहे. आत काहीसुद्धा जात नाही."

आत काही जात नव्हतं, हे खरं होतं. आतली ऊब बाहेर येत नव्हती, हेही तितकंच खरं होतं, पण ते माझ्या डोक्यात आलं नाही. माझे वडील भातसानगरला धरणावर कामाला होते, मी तिथल्या कॉलनीत वाढलो. ताटात येण्याआधी भाताचं काय काय होतं, हे मी शाळेच्या बसच्या खिडकीतून बघितलं तेवढंच.

चैत्रात तिने मला पुन्हा अडवलं. दरवर्षी ती बियाला दोन दिवस ऊन दाखवायची, मग राख आणि निरगुडीचा पाला घालून झाकायची. "खाली उतरवून देतोस का ड्रम?" असं विचारत होती. त्या दिवशी भिंतींना आवाज शोषणारे तक्ते बसत होते आणि माझी माणसं कमी होती. "या वर्षी राहू द्या," मी म्हणालो. "घरभर सिमेंटची धूळ आहे, झाकण उघडलं की सगळी आत बसेल." तिने ऐकलं. एवढ्या मोठ्या घराच्या वायरी ज्याला कळतात त्याला दोन ड्रम कळणार नाहीत का, असं तिला वाटलं असणार. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा राहिला असता तर चाललं असतं, मी दुसऱ्याचा रिकामा ठेवला.

मे संपता संपता काम पुरं झालं. पडदा, आठ खुर्च्या, भिंतीत लपलेले स्पीकर, सगळं बसलं. शनिवारी संध्याकाळी भाविक चार पाहुणे बोलावून थिएटर सुरू करणार होता. त्यात रितेश म्हणून त्याचा एक मित्र होता. शहापूरला त्याच्या बंगल्याचं बांधकाम चालू होतं आणि तिथल्या थिएटरचं काम मला हवं होतं. मी सकाळीच आवाज जुळवायला गेलो. हिराबाईने मला मागच्या पडवीत बोलावलं.

तिच्या हातात ओल्या फडक्याची पुरचुंडी होती. सोडून दाखवली. आत मूठभर भात, काळ्या कुसांचं. तीन दिवस दाबून ठेवलं होतं, एकालाही मोड नव्हता.

"तीनदा करून बगितलं," ती म्हणाली. "दोन्ही डरमांतलं. उकडून गेलं रे." तिचा आवाज अगदी साधा होता. "सुनिल, तुजी गाडी हाय ना? सिद्धगडाखाली माजा मावसभाऊ हाय, कोंडू. चार सालांमागं त्याला पायलीभर दिलं होतं. रोहिणी लागल्यात, पेरायला येल नाय आता. भाविकला नको सांगूस, आजचा दिस त्याचा हाय."

मी गाडी काढली.

कोंडू अंगणात कुंपणाच्या काट्या बांधत होता. बहिणीला बघून त्याला एवढा आनंद झाला की बोलणं मुद्द्यावर यायला चहा होईपर्यंत वेळ गेला. मग हिराबाईने कुसाळ्याचं विचारलं.

"आमी सोडलं गो ते," तो म्हणाला. "दोन सालं झाली. पुडीचं जास्त पडतं. म्हटलं, हिराबाईकडं हाय ना, लागलं तर जाऊ तिच्याकडं."

"अजून कुनाकडं?"

"सगळे तुज्याच भरवशावर, गो."

उठताना तिने कोंडूच्या दारावर पाहिलं. नवं भात आलं की पहिल्या लोंब्यांची जुडी दारावर बांधतात, ती वर्षभर तिथेच असते. कोंडूच्या दारावरची जुडी पुडीच्या भाताची होती, आखूड, बिनकुसांची. हिराबाई माझ्याकडे वळली.

"आमच्या मागल्या खोलीच्या दारावर होती की रे जुडी. कुसाळ्याची. ती घरात होती, सावलीत. ती कुठं ठेवली तुमच्या मानसांनी?"

ती जुडी मीच काढली होती. आवाज अडवणारं नवीन दार बसवायचं होतं, चौकटीला धुरकटलेलं काहीतरी लोंबत होतं. स्टुलावर चढून मी ते ओढलं आणि खाली टाकलं. संध्याकाळी माणसांनी स्पीकरच्या खोक्यांबरोबर ते जाळलं, मी तिथेच हात शेकत उभा होतो.

"माहीत नाही, काकी," मी म्हणालो. "बघतो विचारून."

तिने मान हलवली. तिला कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

परत आलो तेव्हा घरात पाहुणे जमले होते आणि भाविक चिडलेला होता. टाकी भरली का बघायला तो गच्चीवर गेला होता, तिथे ड्रम उघडे दिसले. रविनाने पडवीतली पुरचुंडी दाखवली. त्याला सगळं समजलं, फक्त ते कुणामुळे झालं एवढं सोडून.

"आये, पत्र्याखाली? चार महिने?" तो सगळ्यांसमोर म्हणाला. "आजीनं तुज्या हातात दिलं होतं ना? मंग ध्यान कुठं होतं तुजं?"

मी दारात उभा होतो, हातात थिएटरचा रिमोट. हिराबाईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"इसरले मी," ती म्हणाली. "सुनिल सांगत होता, खाली सावलीत ठेवा म्हनून. मीच वर नेवून ठेवलं. आनि मंग इसरूनच गेले."

भाविकने कपाळाला हात लावला. रितेश मला म्हणाला, "तुमी सांगूनपन ऐकलं नाय म्हंजे काय करनार." सगळे माझ्याकडे बघत होते. एकच वाक्य बोलायचं होतं. ड्रम माझे, जागा माझी, झाकण उघडू नका हे माझं. मोजून पाच सेकंद मिळाले असतील. मी म्हणालो, "चला, सुरू करूया का?"

हिराबाई पहिल्या रांगेत बसली. अंधार झाला, आवाज भिंतीभिंतीतून आला, पाहुणे वा वा करू लागले. माझ्या सगळ्या कामांतलं ते सगळ्यात चांगलं काम होतं आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

निघताना मी तिला फाटकाशी गाठलं. "काकी, तुम्ही असं का सांगितलंत? मी आत्ता जाऊन भाविकला सांगतो."

"नको," ती म्हणाली. "बी येनार हाय का त्यानं? त्यानं हौसेनं केलंय ते. तुजं नाव घेटलं तर त्याला ती खोली गोड लागायची नाय. आनि तुला अजून घरं करायचीत."

मी ऐकलं. मला हवं होतं तेच ती बोलत होती, म्हणून ऐकलं. रितेशचं काम मला मिळालं.

दिवाळीनंतर भाविकचा फोन आला. सिस्टिममध्ये थोडी भर घालायची होती. "आयेचं हल्ली काय खरं नाय, सुनिलभाऊ," तो म्हणाला. "बियाचं बगितलंत ना तुमी. एवढी जपलेली वस्तू इसरली. डोकं चालत नाय आता. रविनाने कोठीच्या चाव्या घेटल्या तिच्याकडून. गोळ्यांची आठवन करणारा स्पीकर बसवा, गॅसला सेन्सर, आनि ती फाटकाबाहेर गेली तर माज्या फोनवर समजलं पायजे."

फोनवर नको, समोर बसून सगळं सांगू, असं ठरवून मी गेलो. डोंगराकडेचे दोन्ही तुकडे डुकरांनी उकरून ठेवलेले रस्त्यावरूनच दिसले. भाविक त्याच दिवशी सुट्टी काढून घरी थांबला होता. स्वतः शिडी धरून उभा राहिला, आईसाठी अजून काय काय करता येईल ते विचारत राहिला. त्याचं प्रेम बघून माझी जीभ उचलेना. सेन्सर लागला, फाटकाच्या कॅमेऱ्याला आईचा चेहरा ओळखायला शिकवला. स्पीकर मी स्वयंपाकघरात बसवला, हिराबाईच्या पाटासमोर, तिच्या कानाच्या उंचीला.

चाचणी घ्यावी लागते. मी फोनवर बटण दाबलं. स्पीकरमधून एका बाईचा गोड आवाज आला, "हिराबाई, तुम्ही गॅस बंद केला का?"

गॅस बंदच होता. ती चुलीवर भाकऱ्या भाजत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग भाविककडे, आणि शाळेतल्या मुलीसारखी मान ताठ करून स्पीकरला म्हणाली, "हो बाई, केला."

भाविक हसला, समाधानाने. "चालतंय," तो म्हणाला.

"बस रे सुनिल," हिराबाई म्हणाली. "भाकर खाऊन जा."

मी बसलो आणि खाल्ली.