मोर्न सेलीन गावाचा वास

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. पाण्याचा नव्हे, पानांचे तेल काढण्याचा. डॉमिनिका बेटाच्या दक्षिणेला, समुद्रावर झुकलेल्या डोंगरउतारावर मोर्न सेलीन नावाचे गाव होते. तिथे माझे आयुष्य गेले.

रोझो शहरातल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले आणि गावकऱ्यांनी बांबूला बांधून डोंगरावर चढवले. आमच्या उतारावर बे नावाची झाडे होती. त्यांचे पान चुरगळले की लवंगेसारखा तिखट वास येतो. भट्टी सांभाळणारा एव्हारिस्ट ती पाने माझ्या पोटात दाबून भरायचा आणि खाली जाळ करायचा. वाफ नळीतून जायची, गार पाण्यात निवायची आणि तिचे तेल ठिबकायचे. घरोघरच्या बायका भारे घेऊन यायच्या, भट्टीशी बसून कोकोचा चहा प्यायच्या. तिथेच कुणाचे लग्न जमायचे, कुणाचे भांडण मिटायचे. हा हंडा गावाला जेवू घालतो, असे एव्हारिस्ट पाहुण्यांना सांगायचा आणि मी मनातून फुगायचो.

तेलाला मागणी वाढली तशी बेची झाडेही वाढली. पुढे एका वादळात इतका पाऊस कोसळला की भर दुपारी डोंगर सुटून खाली आला. एव्हारिस्टची बायको लुसियानी आणि आणखी काही माणसे घरांसकट चिखलात गेली. मी गळ्यापर्यंत गाडला गेलो. उरलेल्यांना सरकारने दूर सपाटीवर नवी घरे दिली. गावात राहायला बंदी झाली. माझ्याकडे यायचे ते फक्त खेकडे.

एव्हारिस्टची मुलगी ज्युलिटा शहरात साबणाच्या कारखान्यात सुवास मिसळण्याचे काम करायची. काही वर्षांनी तिच्या मनाने घेतले, की मोर्न सेलीनचा वास तयार करायचा, आणि तोही गावच्याच हंड्यात.

एव्हारिस्ट भडकला. "डोंगरानं तुझ्या आईला गिळलं, आणि तू त्याचं अत्तर करणार?"

"पापा, नव्या वस्तीतल्या पोरांना गाव कुठं होतं तेसुद्धा ठाऊक नाही," ती म्हणाली. "तुम्ही कुणी तोंड उघडत नाही. निदान वास तरी बोलेल."

तो तणतणत निघून गेला. दोन दिवसांनी स्वतःच कुदळ खांद्यावर टाकून आला. त्यांनी मला उकरून काढले, लिंबू-राखेने घासले. शेजारची म्हातारी मा टितीनही काठी टेकत आली होती. पुन्हा जाळ झाला, पुन्हा तेल ठिबकले. ज्युलिटाने त्यात धुराचा वास आणला, भाजलेल्या कोकोच्या सालींचा आणला, समुद्राचा खारेपणा आणला, आणि फडक्यावर थेंब टाकून म्हातारीपुढे धरला.

"झकास जमलंय गं," मा टितीन म्हणाली. "पण हे तुझ्या लहानपणीचं गाव. माझ्या वेळी आधी वाळ्याचा वास यायचा. आपले पणजे गुलामीतून पळून इथं वर आले ना, त्यांनी बांधाबांधाला वाळा लावला होता. माती धरून ठेवायला."

"मग तो गेला कुठं?"

म्हातारीने एव्हारिस्टकडे पाहिले.

"मी उपटला," एव्हारिस्ट म्हणाला. "बे लावायला जागा हवी होती. माझं बघून सगळ्यांनी उपटला. मा टितीन तेव्हा नको नको म्हणत होती. मी हसलो होतो हिला."

ज्युलिटाने हातातले फडके खाली ठेवले. ती रागावेल, रडेल असे मला वाटले, पण ती नुसतीच लाकडे पुढे सारत बसली. एव्हारिस्ट उठला आणि घळीच्या कडेला गेला. तिथे वाळ्याची थोडी बेटे तगून होती. त्यातले एकच त्याने मुळांसकट काढले, आणि भोवतालची माती हाताने पुन्हा दाबून बसवली.

वाळा घाईने काही देत नाही. बऱ्याच वेळाने जड, ओलसर वासाचे थेंब उतरले. ज्युलिटाने ते मिसळले. मा टितीनने वास घेतला, डोळे मिटले आणि खालच्या वळणापासून वरपर्यंत एकेक घर नावाने सांगू लागली. "लुसियानीचं घर," असे ती म्हणाली, तेव्हा एव्हारिस्ट उठून रस्त्याकडे चालता झाला.

पुढे वस्तीतल्या प्रत्येक घरात एकेक बाटली गेली. बाटलीवर कुणाचे नाव घालू, असे ज्युलिटाने आधी बापाला विचारले होते.

"गावाचं घाल. माझं नको," तो म्हणाला.

त्याने स्वतःच्या घरात ती बाटली ठेवली नाही. मात्र घळीतल्या वाळ्याचे ठोंब नेऊन तो वस्तीमागच्या टेकाडावर लावत असतो.

मी आता वस्तीतल्या चर्चच्या अंगणात असतो. माझ्याखाली जाळ होत नाही. मित्रांनो, तुमच्या बांधावर एखादे बिनकामाचे गवत दिसले, तर ते उपटण्याआधी ते कुणी लावले आणि कशासाठी, एवढे कुणा जुन्या माणसाला जरूर विचारा. मोर्न सेलीनचा वास फार सुंदर आहे, असे सगळेच म्हणतात. मला मात्र वाटते, तो बाटलीत भरायची वेळ आलीच नसती, तर किती बरे झाले असते.