पूर्ववतचा शिक्का

“आधी टाच मारून बघ, मग सही कर. रस्ता डोळ्यांना फसवतो, टाचेला नाही फसवता येत त्याला.”

अण्णांनी लेकीला हे सांगितलं, तेव्हा ते नगरपालिकेच्या रस्ते खात्यातून मुकादम म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते आणि लेक त्याच खात्यात अभियंता म्हणून लागली होती. त्यांच्या बुटांच्या टाचांना लोखंडी नाल असायची. कुणी नळ टाकायला, तार पुरायला रस्ता खणला, की बुजवलेल्या चरावरून अण्णा चालत जायचे आणि दर दोन पावलांनी टाच आपटायचे. खालची माती थराथराने ठोकून बसवलेली असेल तर ‘ठक्’ वाजायचं. वरवर डांबर थापलेलं असेल तर ‘भद्’. भद् वाजलं की ठेकेदार कितीही गोड बोलला तरी पुन्हा उकरायला लावायचे. माघारी लोक त्यांना ‘टाचेवाला’ म्हणत. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. तो त्यांचा नेम होता, आणि नेमाला लोक हसतातच.

लेकीने तो नेम वर्षभर पाळला. मग अण्णा गेले, आणि कामही अंगावर आलं. पाणीवाले, गॅसवाले, वीजवाले, इंटरनेटच्या तारांवाले, सगळ्यांना रस्त्याच्या पोटातच जागा हवी होती. कोण कुठे किती खोल पुरतो, याचा एक नकाशा कुठेच नव्हता. एकाने बुजवलं की महिन्याने दुसरा तिथेच उकरायचा, आणि खड्डा पडला की प्रत्येक जण म्हणायचा, “तो आमचा चर नव्हे, त्यांचा.” नियम होता, पण कागदावर: आधीचा चर भरून रस्ता ‘पूर्ववत’ केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय त्या कंपनीला पुढची खोदाई नाही. तो दाखला द्यायचा हिने. कचेरीतले लोक तिला ‘दाखलेबाई’ म्हणू लागले ते त्यावरून.

दाखला देण्याची कचेरीची एक रीत होती. तिला ‘टेबलपाहणी’ म्हणत. कंपनी फोटो पाठवी, फोटो बघून ‘समक्ष पाहिले, रस्ता पूर्ववत’ असं लिहायचं. रोज तोच शब्द. एकदा तारांच्या कंपनीचा माणूस, ज्याला सगळे ‘हसरा’ म्हणत, टेबलाशी आला आणि एक चिमुकली डबी पुढे ठेवून म्हणाला, “मॅडम, तोच तोच शब्द लिहून हात दुखत असेल. म्हटलं, ताईंना शिक्काच करून देऊ.”

डबीत रबरी शिक्का होता. ‘समक्ष पाहिले. पूर्ववत.’ ती हसली होती. कसली लाच, कसलं काय. शिक्का तर होता. त्या दिवसापासून शब्द लिहिण्यापुरताही तिचा हात त्या कामावर थांबेनासा झाला.

त्या मंगळवारी सकाळीही सगळं रोजच्यासारखंच होतं. दारात इस्त्रीवाल्या मावशींची हातगाडी थांबली. गाडीवर फळी, फळीवर कोळशाची जड इस्त्री, शेजारी घडी केलेल्या कपड्यांचा ढीग.

“मावशी, ही बाही बघा. दुहेरी घडी पडलीय,” दाखलेबाई म्हणाली.

“आण इकडे. बाई गं, तुझी नजर म्हणजे भिंगच. एवढीशी सुरकुती मला म्हातारीला दिसत नाही.”

आतून सासूबाई ओरडल्या, “तिला घरातली जळमटं दाखवा हो मावशी, ती नाही दिसत.”

“वहिनी, सुनेला बोललात तर तुमच्या पातळाची घडी उलटी घालीन.”

तिघी हसल्या. मावशी तो कपडा घेऊन बेकरीच्या गल्लीकडे निघाल्या. त्या कोपऱ्यावर त्यांची रोजची जागा होती.

संध्याकाळी ती घरी आली तर सासूबाई उंबऱ्यातच उभ्या. “अगं, मावशींची गाडी बेकरीपुढे खचली. चाक वीतभर आत गेलं. गाडी कलंडली, तापलेली इस्त्री आणि निखारे उजव्या हातावर. बेकरीवाला वेळेवर धावला म्हणून बरं. दवाखान्यात आहेत.”

दाखलेबाईने पिशवी खाली ठेवली, पण तिला बसवेना. बेकरीची गल्ली. तारांचा चर. अकरा दिवसांपूर्वीचा दाखला. फोटो आठवला: काळाभोर गुळगुळीत पट्टा, बाजूला हसऱ्याचा बूट.

“मेल्यांनी दोन आठवड्यांपूर्वीच बुजवलं होतं म्हणे,” सासूबाई बोलतच होत्या. “ज्याने तो रस्ता पास केला ना, त्याच्या हाताला—”

“आई, नका.”

“का नको? त्याला काय फुलं वाहायची?”

तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं आणि तो पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मावशी झोपेच्या औषधाच्या अंमलाखाली होत्या. हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. डॉक्टर घाईत होते, पण माणूस चांगला होता. “भाजलेलं भरून येईल,” ते म्हणाले. “बोटांचं खरं सांगू? मूठ वळेल थोडीफार. पण हात पूर्ववत व्हायचा नाही.”

तो शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

तिथून ती सरळ बेकरीच्या गल्लीत गेली. खड्ड्याभोवती कुणीतरी दोन विटा आणि एक तुटकी खुर्ची ठेवली होती. खड्ड्याच्या पुढचा पट्टा मात्र अजून काळाभोर, गुळगुळीत. तिने टाच आपटली. भद्. दोन पावलं. भद्. बेकरीच्या दारापासून शाळेच्या कुंपणापर्यंत ती गेली, ठक् एकदाही वाजलं नाही. एका पोरीने आईला विचारलं, “ती बाई नाचतेय का गं?” आई म्हणाली, “बघू नये असं.”

सकाळी प्रार्थनेला बसण्याचा तिचा लहानपणापासूनचा नेम होता. दुसऱ्या दिवशी ती बसली आणि हात जोडले गेले, पण तोंडातून शब्द फुटेना. देवाला काय सांगायचं? समक्ष पाहिले, असं?

कचेरीत हसरा आधीच येऊन बसला होता. पुढे नवी फाईल: प्रसूतिगृहासमोरच्या रस्त्याची खोदाई.

“ताई, ते बेकरीपुढचं ऐकलं. वाईट झालं. पण ते गॅसवाल्यांच्या जुन्या चरामुळे खचलंय हं. आमचा दाखला तर आहेच तुमचा. तेवढ्यावर पुढची परवानगी—”

“तो दाखला खोटा आहे,” ती म्हणाली. आवाज नेहमीइतकाच हळू होता, म्हणून शेजारच्या टेबलांना आधी कळलंच नाही.

“खोटा? सही तुमची आहे, ताई.”

“म्हणूनच मला माहितीय.”

पहिल्यांदाच हसऱ्याला चेहऱ्याचं काय करावं ते सुचेना. ती बेकरीच्या गल्लीची फाईल घेऊन उठली. शिक्क्याच्या निळ्या अक्षरांखाली तिने स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘मी ही जागा पाहिली नव्हती. काल पाहिली. चर पूर्ण पोकळ आहे. या चरामुळे एका बाईचा हात गेला. दाखला रद्द करावा. नवी परवानगी देऊ नये.’ आणि ती साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. “बाई, हे काय करून बसलात? स्वतःच्या पायावर धोंडा? एका शब्दासाठी?”

“शब्दच खोटा होता, साहेब.”

“अहो, टेबलपाहणी सगळे करतात. तुमच्या टेबलावर मी होतो तेव्हा मीही केलीय. त्या बाईला खात्याकडून मदत मिळवून देऊ, मी स्वतः अर्ज करतो. हे पान काढून टाका.”

“पान राहू दे. प्रसूतिगृहासमोर ते खणणार आहेत. पोटुशी बाई त्यावरून चालत येईल.”

“आणि खाली माझीही सही आहे, हे दिसतंय ना तुम्हाला?”

“दिसतंय. म्हणून आधी तुम्हालाच दाखवायला आणलं.”

साहेब वाईट गृहस्थ नव्हते. त्या कचेरीत वाईट असं कुणीच नव्हतं. सगळे घरी लेकरांना खरं बोलायला शिकवत आणि खुर्चीत बसल्यावर न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहीत. इतकी वर्षं लिहीत आले होते की त्याला खोटं म्हणतात, हे कुणाला आठवतही नव्हतं.

“चौकशी लागेल,” शेवटी ते म्हणाले. “टेबल काढून घेतील तुमचं.”

“घेऊ दे.”

त्यांनी फाईल परत केली नाही. फाडलीही नाही. खणात ठेवली, मग खण उघडून पुन्हा टेबलावर काढून ठेवली.

त्या दुपारी मावशी जाग्या होत्या. सासूबाई उशाशी बसून त्यांना भरवत होत्या आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. “सापडू दे तो सहीवाला, त्याचा हात झडो!”

“नका हो शाप देऊ, वहिनी,” मावशी म्हणाल्या. “त्यालाही घरदार असेल.”

“मावशी,” दाखलेबाई पलंगाशी उभी राहूनच म्हणाली, “ती सही माझी आहे. मी न बघता केली.”

सासूबाईंच्या हातातला चमचा वाटीत पडला. मावशी छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “चार वर्षं तुझे कपडे केले मी. बाहीवरची एक सुरकुती तुला खपली नाही कधी.”

दाखलेबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“रडू नकोस. मला सोसवत नाही आत्ता.” मावशींनी तोंड भिंतीकडे वळवलं. “माफी मागू नकोस. आज तरी नाही देता येणार. असे किती रस्ते आहेत तुझ्या सहीचे?”

“एकशे बारा.”

“मग ते बघून ये. चालत. एकेक. आणि किती पोकळ निघाले ते मला येऊन सांग. खरं सांग.”

“सांगते.”

“वचन देतेस?”

“देते.”

घरी जाताना सासूबाई दोन पावलं पुढेच चालत होत्या. दाराशी आल्यावर मात्र त्यांनी सुनेच्या हातातली किल्ली घेतली, स्वतः कुलूप उघडलं आणि म्हणाल्या, “मी शाप दिला गं तुला.”

“ठाऊक नव्हतं तुम्हाला.”

“तुला तरी कुठे ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या आणि लगेच स्वतःच मान हलवली. “नाही. तू बघायला हवं होतंस.”

टेबल खरोखरच काढून घेतलं गेलं. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं पत्र आलं. तिने पत्राची घडी घातली आणि कोपऱ्यावरच्या चांभाराकडे गेली. तो तिचे बूट उलटेपालटे करून बघत म्हणाला, “नाल? आता कोण लावतं नाल? बाईच्या बुटाला तर मी कधी ठोकलीच नाही. घरभर टकटक होईल.”

“होऊ द्या. रस्त्यावर वाजायला हवी.”

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच उठली, प्रार्थनेला बसली आणि आज शब्द आले. थोडेच, पण आले. पिशवीत रस्त्यांची यादी, वही आणि दोन पेन्सिली. शिक्क्याची डबी तिने कचेरीतच सोडली होती. ‘पोकळ’ हा शब्द ती प्रत्येक वेळी हाताने लिहिणार होती.

सासूबाईंनी पाण्याची बाटली पिशवीत कोंबली. “ऊन चढायच्या आत सावलीला थांब,” एवढंच म्हणाल्या.

यादीतला पहिला रस्ता तिच्याच दारातला होता. त्यावरून ती पाच वर्षं कचेरीला गेली होती. ती पायऱ्या उतरली, कडेच्या काळ्या पट्ट्यावर उभी राहिली आणि तिने टाच उचलली.