गुडघेसाहेबांचे गुडघे

त्या संध्याकाळी गुडघेसाहेबांच्या पदरात बरंच काही पडणार होतं. जीवनगौरव पुरस्कार, तो ठेवायला कपाटावर जागाच उरली नाही अशी गोड तक्रार, आणि पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणं भाग असलेले तीन जुने प्रतिस्पर्धी. हे शेवटचं सुख बाकी सगळ्यांना भारी. गमावण्यासारखं एकच होतं: ते गुडघे.

गुडघ्यांची कथा वर्तमानपत्रांच्या जगात सगळ्यांना पाठ होती. पूर ओसरतोय, एक शिंपीण जिन्याच्या वरच्या पायरीवर मांडीवर शिलाई मशीन घेऊन बसलीय, खाली सगळा चिखल, आणि बाई खदाखदा हसतेय. फोटो इतका खालून घेतलेला की बाई डोंगराएवढी दिसते. संपादकांनी खाली ओळ टाकली, 'या हिमतीपुढे आमच्या छायाचित्रकाराने गुडघे टेकले.' परीक्षकांनी गुडघ्यांना बक्षीस दिलं, कॉलेजांनी ते अभ्यासक्रमात घातले, आणि माणसाचं खरं नाव मागे पडून गुडघेसाहेब तेवढे उरले. पुढे त्यांनी युद्धं टिपली, आगी टिपल्या, दोन सरकारं पडताना टिपली; पण सत्कार कसलाही असो, व्यासपीठावर गुडघेच आधी पोचायचे.

खरी हकिगत एवढीच, की गुडघे टेकलेच नव्हते. अख्खा जिना चौकटीत बसावा म्हणून साहेब डोळा कॅमेऱ्याला लावून मागे सरकत होते. अजून थोडं मागे, अजून थोडं मागे, आणि पाय उघड्या गटारात. साहेब चिखलात फतकल मारून बसले. फोटोग्राफर पडतो तेव्हा त्याचे हात आधी कॅमेरा वर धरतात, बाकीच्या देहाची चौकशी मागाहून. त्या धांदलीत बोटाने बटण दाबलं. तोवर रडवेली बसलेली शिंपीण साहेबांचं हे आसन पाहून हसत सुटली होती. झाला फोटो अजरामर.

आणि आता निवेदिका लाडेलाडे सांगत होती, "सर, एक सरप्राइज आहे! त्या हसणाऱ्या बाई आल्यात. स्टेजवर बोलणारेत."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

स्टेजमागच्या खोलीत शिंपीणबाई ताठ बसल्या होत्या. साहेब आत येताच त्यांनी उठून दार लोटलं.

"एक विचारू? तुम्ही खरं सांगून टाकणार नाही ना हो?"

"मी?" साहेब चाटच पडले. "अहो, मला तर तुमची धास्ती!"

"माझी कसली? दुकानाच्या दारावर टांगलाय मी तो फोटो. संकटात हसणारी बाई म्हणून पोरी लांबून शिवण शिकायला येतात. दुसऱ्याच्या फजितीला हसणारी निघाली, तर कोण फिरकेल?"

"म्हणजे झाकली मूठ..."

"झाकलेलीच राहू दे. तुमच्या घरून काही फुटायचं नाही ना?"

"बायको? छे! तिचं असल्या गोष्टींत लक्षच नसतं."

साहेबांचा हिशेब चुकला तो इथे.

कार्यक्रम रंगला. शिंपीणबाई म्हणाल्या, "मनात म्हटलं, पाणी आलं तसं जाईल." टाळ्या. साहेबांनी सवयीने गुडघे टेकून दाखवले. आणखी टाळ्या. मग त्यांनी आभार मानले: संपादकांचे, डार्करूमवाल्याचे, कॅमेऱ्याच्या पट्ट्याचे, इतकंच काय, बूट शिवणाऱ्याचेही. पहिल्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बायको यादी कान देऊन ऐकत होती. यादी संपली. पर्सचा खटका वाजला.

नेमकं तेव्हाच निवेदिकेला सुचलं, "वहिनी, तुम्हीही दोन शब्द बोला ना!"

"दोनच बोलते," म्हणत बायको वर आली. "हे गुडघे मी प्रत्येक सत्काराला ऐकत आले. एक शंका मात्र फिटत नाही. त्या दिवशीची पँट मी धुतली. गुडघे कोरे करकरीत, आणि चिखल सगळा मागच्या बाजूला. तो कसा हो?"

साहेबांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शिंपीणबाईंनी ओठ दाबून पाहिले, तोंडाला रुमाल लावून पाहिला, आणि शेवटी त्या फुटल्याच. तेच हसणं, तेच वासलेलं तोंड, जिन्यावरचं. मग सगळं सभागृह, प्रतिस्पर्ध्यांसकट.

ते हसू पाहताच साहेब लाज जागच्या जागी विसरले. शेजारच्या वार्ताहराच्या गळ्यातून कॅमेरा ओढला, डोळ्याला लावला. चौकटीत दोघी बसेनात. अजून थोडं मागे, अजून थोडं मागे...

"अहो! मागे पायरी आहे!"

साहेब थांबले. जन्मात पहिल्यांदा मागे वळून पाहिलं, पायरी चुकवली, आणि मग बटण दाबलं.

सकाळी फोटो पहिल्या पानावर होता: शिंपीणबाई पोट धरून हसतायत, आणि शेजारी बायको एका हातात माइक धरून दुसऱ्याने पायरी दाखवतेय. खालच्या ओळीत दोघींची पूर्ण नावं, साहेबांनी कचेरीत स्वतः उभं राहून घालून घेतलेली.

आता हिशेब. पुरस्कार साहेबांकडेच राहिला. दिलेली वस्तू परत मागायला आयोजकांना तोंड नव्हतं. गुडघे गेले, आता त्यांना बैठकसाहेब म्हणतात. शिंपीणबाईंकडे पोरी साहेब कसे पडले ते ऐकायला येतात आणि शिवण शिकून जातात. बायकोला पहिलं पान मिळालं. मग या सगळ्याची किंमत मोजली कुणी? त्या पँटने. डाग निघेना म्हणून तिचं फडकं झालं, आणि त्याच फडक्याने बायको इतकी वर्षं कपाटावरचे पुरस्कार पुसत आली.