डगनचा बोल्ट

क्राइस्टचर्चच्या विमानतळावर पोलिसांच्या टेबलापाशी क्लेम पर्डनने बंदुकीची पेटी उघडली, बॅगेतून लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला बोल्ट काढला आणि शेजारी ठेवला. एवढं त्याला झोपेतही जमलं असतं. लाल हरणांचे नर माजावर येऊन हंबरायला लागले की तास्मानियाहून समुद्र ओलांडून इकडे यायचं, हा त्याचा तरुणपणापासूनचा नेम होता. फरक एवढाच, की यंदा तो एकटा आला होता.

टेबलामागच्या अनाहेरा नावाच्या पोलीस पोरीने बंदुकीवरचा नंबर पाहिला, मग बोल्टवरचा, मग पुन्हा बंदुकीवरचा.

"अंकल, हा बोल्ट या बंदुकीचा नाही."

"चष्मा पूस, पोरी."

"मी चष्मा लावतच नाही. तुम्हीच बघा."

क्लेमने पाहिलं. बोल्ट डगनचा होता, त्याच्या शिकारीतल्या जोडीदाराचा.

बोल्ट म्हणजे गोळी नळीत सरकवून उडवणारा दांडा, बंदुकीचा जीव. तो काढला की उरते नुसती नळी आणि लाकूड. म्हणून तो वेगळा कुलपात ठेवायचा असतो. या दोघा दोस्तांनी त्याचीही आपली रीत काढली होती. क्लेमचा बोल्ट वर्षभर डगनच्या घरी, डगनचा क्लेमच्या घरी. एकाने दुसऱ्याला टांग मारून शिकारीला सटकायची सोयच नको! अदलाबदल व्हायची ती इथे, याच टेबलावर. "घे, तुझ्यापेक्षा जास्त तेल पाजलंय याला," हा डगनचा दर वर्षीचा शिळा विनोद, आणि त्यावर क्लेम दर वर्षी हसायचा.

फेब्रुवारीत डगन बागेत सफरचंदं उतरवताना जरा टेकतो म्हणून बसला तो उठलाच नाही. आणि क्लेमने निघताना आपलं कपाट उघडलं, आत होता तो बोल्ट मोज्यात गुंडाळला आणि निघाला. हात सवयीने चालले, डोकं कुठे होतं देव जाणे.

"घरून कोणी पाठवेल का?" अनाहेराने विचारलं. "परवान्याचं मी बघते."

क्लेमने डगनच्या बायकोला फोन लावला.

"थेल्मा, माझा बोल्ट तुमच्याकडेच राहिला गं."

"म्हणजे नुसती काठी घेऊन गेलास? दोघांत मिळून एक अक्कल होती, तीही तोच घेऊन गेला वाटतं!"

क्लेम खदखदून हसला. कितीतरी दिवसांत तो असा हसला नव्हता.

"त्याच्या बॅगेत असेल तुझा बोल्ट," थेल्मा म्हणाली. "उतावळा माणूस, जानेवारीतच भरून ठेवलीय. दाराशीच आहे. मी रोज ओलांडून जाते."

"उघडली नाहीस?"

"नाही. पण उघडते आता. तू एवढ्या लांब गेलायस, पाठवायला तर हवा."

फोनमधून बॅगेची चेन सरकल्याचा आवाज आला.

"थांब!" क्लेम एवढ्या मोठ्याने ओरडला, की मागच्या रांगेतली माणसं दचकली. "उघडू नकोस. हात लावू नकोस तिला."

"अरे, मग शिकार?"

"खड्ड्यात गेली शिकार."

त्याला पुढे नीट सांगता येईना. त्या बॅगेत डगन अजून निघायच्या तयारीत होता. ती रिकामी केली की तो यायचा नाही, हे मान्य करावं लागलं असतं, आणि ते क्लेमला या वर्षी तरी करायचं नव्हतं.

"मग परत फिरतोस का?"

"नाही. बंदूक ठेवतो इथेच. वर डोंगरात जातो आणि हरणं ऐकत बसतो. तो असता तर मला वेड्यात काढलं असतं."

"काढलंच असतं," थेल्मा म्हणाली. "क्लेम, मलाही नव्हती रे उघडायची."

क्लेमने टेबलाचा काठ घट्ट धरला आणि सगळ्यांदेखत रडायला लागला. अनाहेराने रांगेला पलीकडच्या टेबलाकडे जायला सांगितलं.