न नोंदवलेला दोष

दादाने तिला खोटारडी म्हटलं असतं, तर तिने कदाचित सोडून दिलं असतं. त्याने तिला विसराळू म्हटलं, आणि तेही चारचौघांत, हसत हसत.

दादा लिनक्सवर चालणारा एक फाइल मॅनेजर लिहायचा. म्हणजे फोल्डर उघडणं, फायली हलवणं, नको त्या कचरापेटीत टाकणं, असली कामं करणारा प्रोग्रॅम. तो प्रोग्रॅम दादा लोकांना फुकट द्यायचा, त्यामुळे तपासणारेही फुकटच. नवी आवृत्ती लोकांच्या हाती जाण्याआधी ही हौशी मंडळी ती आपापल्या मशीनवर चालवून, ताणून, आपटून बघायची आणि सापडलेला दोष गटाच्या पानावर नोंदवायची. दादाची धाकटी बहीण त्यांच्यातलीच. तिच्या नजरेतून काही सुटत नसे म्हणून गटात तिला भिंग म्हणत. पोटापाण्यासाठी ती विणकामाचे नमुने काढून विकायची.

ते नमुनेच गेले. नमुन्यांच्या फोल्डरचा शॉर्टकट तिने डेस्कटॉपवर ठेवला होता. नको झाला म्हणून तो कचरापेटीत टाकला, पेटी रिकामी केली, तर शॉर्टकटबरोबर मूळ फोल्डरही साफ. तिने रडत रडत का होईना, पण नेटकी नोंद केली. दादाने ती आपल्या चाचणीच्या मशीनवर एकदा करून बघितली आणि खाली लिहिलं, 'माझ्याकडे होत नाही. आमच्या बाईसाहेबांनी स्वतःच पुसलं असणार, आता आठवत नाही. वापरणाऱ्याची चूक.' नोंद बंद. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

वहिनीने तर फोन करून समजूत काढली. "अगं, होतं असं. वयाबरोबर विसरायला होतं माणसाला. मनाला लावून घेऊ नकोस."

तिने मनाला लावूनच घेतलं. ज्या भावाच्या प्रोग्रॅमसाठी आपण डोळे फोडले, त्याने आपल्यालाच वेड्यात काढावं, हे तिला काही केल्या गिळवेना. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ती एकाच गोष्टीचा विचार करत राहायची. आणि मग तिला उमगलं. दादा चाचणीचं मशीन दरवेळी कोरं करून त्यावर नवी आवृत्ती टाकायचा. तिच्या मशीनवर मात्र जुन्या आवृत्तीवर नवी चढवलेली होती, जुन्या सेटिंग्जसकट.

तिने अडगळीतला लॅपटॉप काढला, जुनी आवृत्ती टाकली, तिच्यावर नवी चढवली. कचरापेटीने फोल्डर गिळला. पुन्हा केलं, पुन्हा गिळला. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्याने हसली.

नोंद लिहायला ती बसलीसुद्धा होती. तेवढ्यात दादाचा निरोप पानावर झळकला: शेवटच्या चाचणीला सगळे जमू, मी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं दाखवीन. दादाचा लॅपटॉप कधीच कोरा झालेला नव्हता. वर्षानुवर्षं आवृत्तीवर आवृत्ती चढत आली होती. तिने लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. आपल्याला खोटं बोलायचं नाही, कुठे हात लावायचा नाही, नुसतं गप्प बसायचंय, असं तिने स्वतःला बजावलं. बाकीचे तपासतात ते रिकाम्या मशीनवर, त्यांचं काय जायचंय.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत गट जमला. दादा भिंतीवरच्या पडद्यावर एकेक करामत दाखवत होता, आणि त्याची छाती फुगत चालली होती. तिने तो रंगात येईपर्यंत वाट बघितली.

"दादा, एक शॉर्टकट टाकून पेटी रिकामी करून दाखव की. माझ्या मनातला किंतु तरी जाईल."

"अजून तेच धरून बसलीयेस?" दादा हसला. दोघेतिघे हसले. "बरं बाई. कोणत्या फोल्डरचा करू?"

"तुझ्या कामाचाच घे. तुझ्याकडे तर होत नाही."

दादाने शॉर्टकट केला, पेटीत टाकला, पेटी रिकामी केली आणि मोठ्या ऐटीत मूळ फोल्डर उघडायला गेला. फोल्डर नव्हता. दुसरीकडे कुठेही प्रत न ठेवलेलं कित्येक आठवड्यांचं काम त्यात होतं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तिच्या जिवाला कसं गार गार वाटलं.

गटातले सर्वांत वडीलधारे तपासनीस म्हणजे सगळ्यांचे काका, निवृत्त वीजमीटरवाले. त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. "आधी नोंद करू. भिंग, तू सांग, मी लिहितो."

ती सवयीने सांगत गेली. मशीन कसं हवं, ते सांगितलं. पायऱ्या सांगितल्या. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, तेही सांगितलं. नोंदीत शेवटचा रकाना असतो, दोष किती वेळा दिसतो याचा. त्यालाही ती अडखळली नाही.

"दरवेळी."

काकांची बोटं थांबली. "आपण तर एकदाच बघितलं."

खालून कुणीतरी चाकात हवा भरत असल्याचा आवाज येत होता. आता थाप मारून भागणार नव्हतं, आणि तिला मारायचीही नव्हती.

"मला आधीच सापडलं होतं," ती म्हणाली. "मुद्दाम नाही लिहिलं."

दादाने पडद्यावरची नजर तिच्याकडे वळवली. मग सगळ्यांसमोर, खालच्या आवाजात म्हणाला, "तेव्हा तू खरंच सांगत होतीस. चूक माझी होती."

हेच तिला ऐकायचं होतं. याच्यासाठीच तर ती इतके दिवस दात-ओठ खात होती. ते ऐकून तिला बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं, आणि ते तिने लपवलं नाही.

काका मात्र अजून तिच्याकडेच बघत होते. "मी ही आवृत्ती घरच्या कॉम्प्युटरवर चढवली," ते म्हणाले. "परवा आवराआवर करताना कचरापेटी रिकामी केली, तर आमच्या हिचे सगळे फोटो गेले. ती असतानाचे. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं, म्हणून बोललो नाही."

"काका, पण घरच्या मशीनवर कशाला चढवलीत?"

"पान बघितलं होतं ना. ती नोंद बंद झाल्यावर तू पुन्हा काहीच लिहिलं नव्हतंस."